यात्रेचा परवाना आणि पुरवठ्याची गाडी

यात्रा, जत्रा, उरूस, उत्सव यांचें नांव निघालें कीं मनुष्याच्या डोळ्यांपुढें पताका, पालख्या, पाळणे आणि माणसांची दाटी उभी राहते. या सर्व शोभेच्या मागें एक दुसरी यात्रा अहोरात्र चाललेली असते. तिच्याकडे मात्र सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. पहांटेच्या अंधारांत दुधाचे कॅन, फुलांच्या करंड्या, तांदुळाचीं पोतीं, मंडपाचे वासे आणि पाण्याच्या टाक्या घेऊन येणाऱ्या गाड्यांची ती यात्रा होय. देवाचा रथ वेळेवर निघाला नाहीं तर लोक वाट पाहतात. पाण्याची गाडी वेळेवर आली नाहीं तर मात्र त्यांना वाट पाहतां येत नाहीं. म्हणून ज्या ठिकाणीं मोठा समुदाय जमावयाचा असतो, तेथें या गाड्यांना आंत कोणी सोडावें, केव्हां सोडावें आणि कोणत्या अटींवर सोडावें, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाहीं. आजच्या भाषणाचा विषय हाच आहे.

नगर जिल्ह्यांतील राहाता हें गांव या प्रश्नाचा विचार करण्यास फार सोयीचें आहे. या जिल्ह्याचें अधिकृत नांव २०२४ सालापासून अहिल्यानगर असें झालें. अहिल्यानगरहून मनमाडकडे जाणारा हमरस्ता राहात्यांतून जातो आणि तेथून पांच-सहा किलोमीटरांवर शिर्डी लागते. शिर्डीचे तीन मोठे उत्सव म्हणजे रामनवमी, गुरुपौर्णिमा आणि विजयादशमी. या उत्सवांना लोटणारा समुदाय आणि त्याला लागणारा माल यांपैकीं दक्षिणेकडून येणारा भाग राहात्यांतूनच पुढें सरकतो. राहात्याचा आणि शिर्डीचा हा संबंध आजकालचा नाहीं. साईबाबा राहात्यास जात आणि तेथून झेंडू, जाई व जुई यांचीं रोपें आणून शिर्डीस लावीत, असें गोविंद रघुनाथ दाभोळकर ऊर्फ हेमाडपंत यांच्या 'श्रीसाईसच्चरित' या ओवीबद्ध ग्रंथांत सांगितलें आहे. राहात्याहून शिर्डीस गेलेल्या मालाची ही एक जुनी नोंदच म्हणावयाची. त्या मालाला अर्थात् कोणी परवाना विचारला नव्हता.

परवान्याची कथाहि त्याच ग्रंथांत आहे आणि ती आजच्या कोणाहि उत्सव-चालकानें वाचण्यासारखी आहे. कोपरगांव येथें गोपाळराव गुंड नांवाचे सर्कल इन्स्पेक्टर होते. त्यांना पुष्कळ वर्षें संतति नव्हती. पुढें पुत्र झाला, आणि त्या आनंदांत १८९७ सालीं शिर्डीस उरूस भरवावा अशी कल्पना त्यांच्या मनांत आली. तात्या पाटील, दादा कोते पाटील, माधवराव देशपांडे या मंडळींना ती पसंत पडली. बाबांची अनुज्ञाहि मिळाली. परंतु तेवढ्यानें भागण्यासारखें नव्हतें. शिर्डी आज राहाता तालुक्यांत आहे. त्या काळीं ती कोपरगांव तालुक्यांत होती, आणि उरूस भरविण्यास जिल्ह्याच्या कलेक्टरची मंजुरी लागे. रीतसर अर्ज गेला. गांवच्या कुलकर्ण्यानें उरसाच्या विरुद्ध अहवाल दिला आणि मंजुरी नाकारली गेली. अर्जदारांनीं नेट सोडला नाहीं. त्यांनीं पुन्हा खटपट केली, आणि अखेर कलेक्टरची मंजुरी मिळाली. उरसासाठीं रामनवमीचा दिवस ठरविण्यांत आला.

या लहानशा हकीकतींत परवाना-पद्धतीचें बरेंचसें मर्म सांपडतें. अर्जदारांपैकीं एक जण स्वतः सरकारी अंमलदार होता. बाकीचे गांवांतील वजनदार गृहस्थ होते. तरीहि अर्ज फिरला तो गांवांतल्याच एका कागदामुळें. कलेक्टर जिल्ह्याच्या ठाण्यावर बसणारा. त्याला शिर्डीची वाट, शिर्डीची विहीर, शिर्डीचें मैदान ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. जागेवर असलेला मनुष्य जें लिहील त्यावरच त्याला भिस्त ठेवावी लागे. आणि तो काळहि सामान्य नव्हता. १८९६-९७ हें वर्ष दख्खनला दुष्काळाचें गेलें. मुंबई आणि पुणें प्लेगनें हवालदिल झालीं होतीं. १८९७ च्या फेब्रुवारींत सांथीच्या रोगांसंबंधींचा कायदा संमत झाला होता. अशा दिवसांत एका खेड्यांत हजारों माणसें जमविण्याचा अर्ज पाहिल्यावर कोणाहि विचारी अंमलदाराच्या मनांत पहिला प्रश्न उभा राहावयाचा तो हाच, कीं इतकीं माणसें खाणार काय आणि पिणार काय?

हा प्रश्न किती खरा होता तें मंजुरी हातीं पडतांच दिसून आलें. गांवांत दोन विहिरी होत्या. वापरांतली विहीर लवकर आटे आणि दुसरीचें पाणी खारें. बाबांनीं त्या विहिरींत फुलें टाकलीं आणि पाणी गोडें झालें, असें ग्रंथकार सांगतो. तरी तेवढें पाणी समुदायाला पुरणारें नव्हतें. तेव्हां तात्या पाटलांनीं दूरच्या एका विहिरीवर मोटा लावून पाणी आणविण्याची व्यवस्था केली. दुकानांसाठीं तात्पुरते आडोसे उभारावे लागले. कुस्त्यांची तयारी झाली. मिरवणुकीचीं निशाणें दिलीं तीं एक अहमदनगरच्या दामूअण्णा कासार यांनीं आणि दुसरें नानासाहेब निमोणकर यांनीं. उरूस भरविण्याचा अधिकार कलेक्टरच्या कागदानें आला खरा. परंतु उरूस उभा राहिला तो मोटेच्या पाण्यावर.

समारंभाची परवानगी ही एक गोष्ट आहे आणि त्या समारंभाला लागणारा माल जागेवर नेण्याची परवानगी ही दुसरी गोष्ट आहे. पहिली परवानगी दिवसाची असते. दुसरी घटकेची असते. पहिलींत मैदान, मंडप आणि मिरवणुकीचा मार्ग ठरतो. दुसरींत गाडी कोणत्या नाक्यानें आंत यावी, कोठें उभी राहावी, किती वेळांत रिकामी व्हावी आणि कोणत्या वाटेनें परत जावी हें ठरावें लागतें. बहुतेक उत्सव-चालक पहिल्या परवानगीसाठीं महिना-महिना खेटे घालतात. ती मिळाली कीं सर्व कांहीं मिळालें असें समजून स्वस्थ बसतात. मग उत्सवाच्या पहांटे आचारी मंडपांत आणि तांदूळ नाक्यावर, असा देखावा दिसूं लागतो.

आजच्या काळांत एका कलेक्टरच्या सहीवर काम भागत नाहीं. समुदाय आणि मिरवणूक यांचें नियमन पोलिसांकडे असतें. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ सालचा आहे. ध्वनिक्षेपक लावावयाचा तर २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम पाळावे लागतात. सार्वजनिक जागेवर मंडप घालणें आणि केरकचऱ्याची सोय करणें या बाबतींत नगरपरिषदेची किंवा महानगरपालिकेची संमति लागते. तात्पुरती वीज घ्यावयाची तर वीज कंपनीकडे निराळा अर्ज. आणि या सर्वांत गाडीवाल्याशीं ज्याचा साक्षात् संबंध येतो तो कायदा म्हणजे १९८८ सालचा मोटार वाहन कायदा. त्याच्या ११५ व्या कलमान्वयें सार्वजनिक सुरक्षिततेसाठीं विशिष्ट भागांत किंवा विशिष्ट रस्त्यावर विशिष्ट प्रकारच्या वाहनांना बंदी घालतां येते. ही बंदी एक महिन्याहून अधिक काळ चालणार नसेल तर ती राजपत्रांत प्रसिद्ध करण्याचें कारण नाहीं; परिस्थितीप्रमाणें स्थानिक प्रसिद्धि दिली म्हणजे पुरे.

ही शेवटची सवलत लक्षांत ठेवण्यासारखी आहे. उत्सवाच्या निमित्तानें होणारी वाहनबंदी दोन-चार दिवसांचीच असते. म्हणजे तिची बातमी स्थानिक वर्तमानपत्रांत, पोलीस ठाण्याच्या फलकावर किंवा नाक्यावरच्या पाटीवर असावयाची. शिर्डीच्या रामनवमीला मुंबईकडून सिन्नरच्या वाटेनें पालख्या पायीं येतात. पायीं चालणारा मनुष्य आणि दहा टनांचा ट्रक यांना एकाच रस्त्यावर एकाच वेळीं चालूं देणें शहाणपणाचें नसतें. म्हणून अवजड वाहनें निराळ्या मार्गानें वळविण्यांत येतात. राहात्याच्या पेरूच्या बागाइतदाराला किंवा गांवांतल्या किराणा व्यापाऱ्याला ही बातमी घरबसल्या कळते. परंतु पुण्याहून मंडपाचें सामान घेऊन निघालेल्या चालकाला ती नाक्यावरच कळते, आणि तोंवर फार उशीर झालेला असतो. यासाठीं जो मालाची मागणी नोंदवितो त्यानेंच रस्त्याची बातमी माल पाठविणाऱ्याला कळविली पाहिजे. हें काम सरकारचें आहे, व्यापाऱ्याचें आहे, कीं उत्सव-मंडळाचें आहे, असा वाद घालीत बसण्यांत अर्थ नाहीं. ज्याच्या पंगतीला भात लागणार आहे त्याचेंच तें काम आहे.

आतां प्रत्यक्ष अर्जाकडे वळूं. पुरवठ्याच्या गाडीसाठीं केलेला चांगला अर्ज लांबलचक नसतो. त्यांत सात गोष्टी स्पष्ट असाव्या: गाडीचा क्रमांक आणि प्रकार; चालकाचें नांव; माल कोणता आणि किती; कोणत्या रस्त्यानें येणार; कोणत्या वेळीं येणार; कोठें उतरविणार आणि त्याला किती वेळ लागणार; आणि शेवटीं, जागेवर तो माल ताब्यांत घेणारा जबाबदार मनुष्य कोण. पहिल्या सहा गोष्टी बहुतेक अर्जांत असतात, सातवी क्वचित् असते. आणि घोटाळा बहुधा तिच्याच अभावीं होतो. गाडी नाक्यावरून सुटते, मंडपापाशीं पोचते, आणि माल उतरवून घेणारा मनुष्य दर्शनाच्या रांगेंत उभा असतो! दहा मिनिटांचें काम तासावर जातें, मागच्या पांच गाड्या अडतात, आणि पुढच्या वर्षीं नाक्यावरचा शिपाई सर्वांनाच नकार देतो. एका मंडळाच्या गैरशिस्तीचा दंड दुसऱ्या दहा मंडळांना भरावा लागतो तो असा.

पुष्कळ गाड्यांसाठीं सरसकट परवाने मागण्याचीहि एक खोड असते. चार गाड्यांची गरज असतां दहांसाठीं अर्ज करावयाचा, कारण अंमलदार निम्मे कापीलच असा हिशेब. अंमलदारालाहि हा हिशेब ठाऊक असतो, म्हणून तो निम्मे कापतो. मग ज्यानें प्रामाणिकपणें चारच मागितले त्याच्या वांट्याला दोन येतात. खऱ्या गरजेचा खरा आंकडा देणें हा केवळ नीतीचा प्रश्न नाहीं. जेथें सर्वजण खरे आंकडे देतात तेथेंच अंमलदाराला सर्वांचें ऐकतां येतें.

अर्जदाराचीं कर्तव्यें अशीं आहेत. तशींच परवाना देणाऱ्याचींहि आहेत, आणि त्यांतलें पहिलें म्हणजे वेळेवर उत्तर देणें. मध्ययुगीन इंग्लंडमध्यें जत्रा भरविण्याचा हक्क सामान्यतः राजाच्या सनदेनें मिळे, आणि जत्रेबरोबरच तिच्यापुरतें एक छोटें न्यायालयहि भरे. त्याचें नांव मोठें मौजेचें होतें: धुळीनें माखलेल्या पायांचें न्यायालय. गांवोगांव फिरणारे व्यापारी त्या धुळकट पायांनींच न्यायासनापुढें उभे राहत, आणि जत्रा उठण्यापूर्वीं, शक्य तर त्याच दिवशीं, त्यांच्या तंट्यांचा निकाल लागे. व्यापारी उद्यां दुसऱ्या गांवीं जाणार, तेव्हां परवांचा न्याय त्याच्या उपयोगाचा नाहीं, ही गोष्ट त्या लोकांनीं ओळखली होती. ब्रिस्टलचें असें न्यायालय तर १९७१ सालच्या कायद्यानें रद्द होईपर्यंत निदान कागदोपत्रीं जिवंत होतें. दुधाच्या गाडीलाहि हाच न्याय लागू आहे. सकाळीं पांच वाजतां लागणारा परवाना दुपारीं बारा वाजतां मिळाला तर तो नकारच समजावा. फरक एवढाच, कीं नकार असता तर दूध घरीं तरी राहिलें असतें.

दुसरें कर्तव्य म्हणजे नकाराचें कारण सांगणें. शिर्डीच्या अर्जदारांना दुसऱ्यांदां प्रयत्न करण्याची संधि मिळाली आणि त्यांनीं ती साधली. परंतु कारण कळल्यावांचून केलेला दुसरा अर्ज म्हणजे अंधारांत मारलेला दगड. रस्ता अरुंद आहे, वेळ गर्दीची आहे, माल ज्वालाग्राही आहे, यांपैकीं अडचण कोणती तें कळलें तर अर्जदार रस्ता, वेळ किंवा माल बदलूं शकतो. नुसता 'नामंजूर' हा शेरा मनुष्याला सुधारणेकडे नेत नाहीं. तो त्याला ओळखीपाळखीच्या मागें धांवावयास लावतो.

निर्बंध फार कडक झाले तर काय होतें याचें उदाहरण नाशिकनें पाहिलें आहे. २०१५ च्या कुंभमेळ्यांत पहिल्या शाही स्नानाच्या दिवशीं, म्हणजे २९ ऑगस्टला, शहरांत इतके अडथळे उभारण्यांत आले होते कीं भाविकांना लांबवर पायपीट करावी लागली आणि नागरिकांना व व्यापाऱ्यांना आपल्याच रस्त्यांवर वावरणें कठीण झालें. त्यावर टीका झाली आणि पुढील पर्वणीच्या वेळीं बंदोबस्त कांहींसा सैल करण्यांत आला. गर्दीला आवर घालणें हें योग्यच. परंतु ज्या शहरांत गर्दी यावयाची त्या शहराचें नित्याचें जीवन, त्याचें दूध, त्याची भाजी, त्याचीं औषधें, हीं त्या दिवशींहि चालूं राहिलीं पाहिजेत. उत्सव हा पाहुणा आहे. पाहुण्यासाठीं घरच्या मुलाला उपाशी ठेवण्याची रीत आपल्यांत नाहीं.

आणि निर्बंध फार ढिले झाले तर काय होतें, तें महाराष्ट्र विसरूं शकणार नाहीं. २५ जानेवारी २००५ रोजीं सातारा जिल्ह्यांत वांईजवळच्या मांढरदेव गडावर काळूबाईची यात्रा होती. देवळाकडे जाणारी वाट चिंचोळी, दोन्ही बाजूंस दुकानांची दाटी, आणि फोडलेल्या नारळांच्या पाण्यानें निसरड्या झालेल्या पायऱ्या. माणसें घसरलीं, एकमेकांवर पडलीं, चेंगराचेंगरी झाली. दुकानांना आग लागली आणि त्यांतल्या गॅसच्या सिलिंडरांचे स्फोट झाले. अडीचशेंहून अधिक माणसें त्या दिवशीं प्राणांस मुकलीं. सरकारनें न्यायमूर्ति राजन कोचर यांचा चौकशी आयोग नेमला. मृतांमध्यें बहुसंख्य गोरगरीब घरचे भाविक होते. ते नवस फेडण्यासाठीं गडावर आले होते. दुकान कोठें असावें, त्यांत कोणता माल असावा, वाट किती रुंद मोकळी राहावी, हे प्रश्न कचेरींतल्या कागदावर रुक्ष दिसतात. मांढरदेवच्या पायऱ्यांवर ते जीवन-मरणाचे प्रश्न ठरले. पुरवठ्याच्या गाडीला नाक्यावर थांबवून 'यांत काय आहे?' असें विचारणारा शिपाई पुष्कळांना त्रासदायक वाटतो. परंतु त्याच्या त्या प्रश्नामागें ती पौर्णिमा उभी आहे, हें विसरतां कामा नये.

अन्नाच्या बाबतींतहि अशीच सावधगिरी लागते. अन्न सुरक्षा आणि मानके अधिनियम २००६ सालचा. त्याखालील परवान्यांचे व नोंदणीचे नियम ऑगस्ट २०११ पासून अंमलांत आले. तात्पुरतें दुकान लावणारा किंवा धार्मिक व सामाजिक समारंभांत अन्न वांटणारा लहान व्यावसायिकहि नोंदणीच्या कक्षेंत येतो, ही गोष्ट अनेक सुशिक्षितांनाहि ठाऊक नसते. अन्नदान हें पुण्यकर्म, त्याला नोंदणी कशाची, असा प्रश्न विचारला जातो. परंतु पुण्य आणि पटकी हीं एकाच भांड्यांतून वाढलीं जाऊं शकतात. अन्न कोणी शिजविलें, केव्हां शिजविलें आणि किती वेळ झांकून ठेवलें याची नोंद असेल तरच बिघाड झाल्यावर मूळ सांपडतें.

परवान्याच्या कागदामागें कोणाचा तरी संसार असतो, हेंहि ध्यानांत घेतलें पाहिजे. कोविडच्या सांथींत शिर्डीच्या मंदिरांत हार-फुलें नेण्यास बंदी झाली. सांथ ओसरल्यावरहि बंदी टिकून राहिली, तेव्हां २०२२ सालीं फुलें पिकविणारे शेतकरी आणि तीं विकणारे यांनीं आंदोलन केलें. प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढें गेलें, आणि २०२४ च्या अखेरीस न्यायालयाच्या अनुमतीनें हार-फुलें पुन्हा मंदिरांत पोचलीं. ज्या मुलखांतून बाबांनीं झेंडूचीं रोपें आणलीं त्याच मुलखांतल्या झेंडूला देवळाच्या दारापर्यंत जाण्यासाठीं न्यायालयाची वाट धरावी लागली. बंदी घालणाऱ्यांचीं कारणें आणि शेतकऱ्यांची अडचण हीं दोन्ही खरीं असूं शकतात. अशा वेळीं कायमची बंदी आणि मोकाट सूट यांच्यामधला मार्ग शोधणें, म्हणजेच कोणी, किती आणि कोणत्या दारानें हें ठरविणें, हेंच तर परवान्याचें खरें काम आहे.

या बाबतींत सुधारणा होऊं लागली आहे. मुंबई महानगरपालिकेनें गणेशोत्सवाच्या मंडपांसाठीं 'एक खिडकी' पद्धत सुरूं केली. पोलीस, वाहतूक आणि पालिका यांच्या दारीं निरनिराळे खेटे घालण्याऐवजीं मंडळानें एकाच ठिकाणीं अर्ज करावा, हा तिचा हेतु. लहान शहरांनीं आणि तीर्थक्षेत्रांनीं हीच खिडकी मालाच्या गाडीसाठींहि उघडावी. उत्सवाच्या आधीं पंधरा दिवस पोलीस ठाण्याचा एक अंमलदार, नगरपरिषदेचा एक कर्मचारी, उत्सव-मंडळाचा एक प्रतिनिधि आणि व्यापाऱ्यांचा एक जाणता मनुष्य एका टेबलाशीं बसले, तर कोणत्या गाड्या कोणत्या वेळीं आंत येतील याचें एका पानाचें वेळापत्रक होऊं शकतें. तें पान नाक्यावर चिकटविलें कीं निम्मी हुज्जत तेथेंच मिटते.

शहरांतील सुशिक्षित कुटुंबांना वाटेल कीं हा विषय व्यापारी आणि पोलीस यांचा आहे. परंतु गल्लींतला गणेशोत्सव, वसाहतीचा वार्षिक समारंभ, यात्रेस पाठविलेलें अन्नदानाचें साहित्य, या सर्वांच्या पाठीमागें कोणतें तरी घरच असतें. त्या घरानें वर्गणी देतांना एक प्रश्न मंडळाच्या चिटणिसाला अवश्य विचारावा: उत्सवाची परवानगी आली, ठीक, पण पाण्याची गाडी कोणत्या वाटेनें येणार आहे आणि ती उतरवून घ्यावयास कोण उभा राहणार आहे? ज्या चिटणिसाला याचें उत्तर तत्काळ देतां येईल त्याच्या हातीं वर्गणी निःशंक द्यावी. शिर्डीच्या पहिल्या उरसाला असें उत्तर देणारा मनुष्य लाभला होता. दूरच्या विहिरीवर मोट लावून तात्या पाटील तेथें उभे होते.